त्याला भेटायला कुठं जायचं

मुलीच्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेला निघाले, तेव्हा रिसोडात जो भेटेल तो एकच गंमत करायचा. "वाशीम सोडून वाशिंग्टनले चालल्या म्हणता." मुलगी आणि जावई खरोखरच वॉशिंग्टनजवळच्या एका गावात राहतात, त्यामुळे मलाही दरवेळी हसावं लागायचं. यजमानांना येता येत नव्हतं. आमचं शेतीपंपांचं आणि पाइपांचं दुकान आहे. पेरणीपासून दिवाळीपर्यंत त्याला कुलूप लावायचं म्हणजे गिऱ्हाईक आपल्या हातानं दुसऱ्याच्या दारात पाठवायचं. म्हणून डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी घेऊन मी एकटीच गेले.

पहिले काही महिने घराबाहेर पडणं झालंच नाही. नातवाचं न्हाऊमाखू, मुलीचा शेक, जागरणं, यातच दिवस सरायचा. बाळ मान धरायला लागलं तसं जावयाला वाटू लागलं की आईंना काही तरी दाखवलं पाहिजे. दर रविवारी तो आम्हाला गाडीत बसवून कुठं तरी न्यायचा. संग्रहालयं झाली, पुतळे झाले, राष्ट्राध्यक्षांचं घर कुंपणाबाहेरून पाहून झालं. एका रविवारी तो म्हणाला, "आई, आज आपण लष्कराची स्मशानभूमी बघू. राष्ट्रीय आहे. इथं येणारे सगळे टूरिस्ट बघतातच."

मी मुलीकडं पाहिलं. स्मशान ही काय पाहायला जायची गोष्ट आहे, असं माझ्या तोंडावर आलं होतं. साठी ओलांडली तरी मी कधी स्मशानात पाऊल टाकलेलं नव्हतं. आमच्याकडं बायका दारापर्यंत जातात, तिथून पुढं पुरुष. माझी माय गेली तेव्हाही मी दारापर्यंतच गेले होते.

"आई, तसं नाही गं ते," मुलगी म्हणाली. "बागेसारखं आहे. बघ तरी."

ते बागेसारखंच होतं. दारात सामान तपासून घेतलं, मग पर्यटकांना फिरवणाऱ्या उघड्या गाडीची तिकिटं काढली. गाडीत एक बाई माइकवरून सांगत होती की इथं कोण झोपलंय, तिथं कोण. मला त्यातलं फार थोडं कळत होतं. चढउतारांची हिरवीगार जमीन, जुनी मोठी झाडं आणि जिकडं पाहावं तिकडं पांढरे दगड. सगळे एका उंचीचे, एका आकाराचे. गाडी पुढं जायची तशा त्यांच्या रांगा फिरल्यासारख्या दिसायच्या, आत्ता सरळ, आत्ता तिरक्या. जवळच विमानतळ असावा, कारण थोड्या थोड्या वेळानं डोक्यावरून विमान खाली उतरत जायचं. पण खाली माणसं हळू बोलत होती. लहान मुलंसुद्धा.

एका ठिकाणी उतरलो. जावई म्हणाला, "आई, इथं उभ्या राहा. मागं रांगा छान येतात." मी पदर सारखा केला, नातवाची गाडी जवळ ओढून घेतली आणि हसले. फोटो काढताना हसायचं, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. मुलीनं तो लगेच घरच्या ग्रुपवर टाकला. त्या वेळी आमच्याकडं रात्र होती, तरी कुणीतरी अंगठा पाठवलाच.

ओळख न पटलेल्या सैनिकांची एक समाधी आहे, तिथला पहारा बदलताना पाहिला. एवढी गर्दी आणि कुणी हूं की चूं करत नव्हतं. ते पाहून झाल्यावर बाळ भुकेलं म्हणून जावई त्याला घेऊन सावलीत बसला, दुधाची बाटली त्याच्याचकडं होती. आम्ही मायलेकी पाय मोकळे करायला खालच्या अंगाला गेलो. तिकडं गाडी जात नव्हती, माणसंही कमी होती. दगड तसेच, पण त्यांच्यापुढं वस्तू ठेवलेल्या. ताजी फुलं, एखादा फोटो, वाढदिवसाचा फुगा, दगडाच्या माथ्यावर ओळीनं मांडलेले छोटे खडे. मुलीनं वाचून सांगितलं की हे सगळे अलीकडच्या लढायांतले आहेत. मी एका दगडावरचा जन्माचा आकडा पाहिला. माझ्या मुलीच्याच आगेमागे जन्मलेला पोरगा होता.

तिथं एक म्हातारी बाई बसली होती. म्हातारी म्हणजे माझ्याच वयाची. घडीची खुर्ची उघडून एका दगडाशेजारी बसली होती, हातात कॉफीचा पेला होता आणि ती त्या दगडाशी बोलत होती. रडत वगैरे नव्हती. शेजारणीशी बोलावं तसं चाललं होतं. मध्येच वाकून तिनं गवतावरचं एक वाळलं पान उचललं आणि पिशवीत टाकलं.

मी बघत राहिले हे तिच्या लक्षात आलं. मला ओशाळल्यासारखं झालं आणि मी निघणार, तेवढ्यात तिनं हात केला. जवळ गेलो. तिनं मुलीला विचारलं, तुमचं कुणी आहे का इथं? मुलगी म्हणाली, नाही, आम्ही नुसतं पाहायला आलो. त्यावर ती म्हणाली, बरं केलंत, लोक येतात तर चांगलं वाटतं. हा तिचा मुलगा होता. बावीस वर्षांचा असताना गेला. ती दर रविवारी येते, बर्फ असला तरी.

मुलीनं हे मला सांगितलं. काय वाटलं कोण जाणे, मी म्हणाले, "तिले सांग, माहा भाऊ होता सैन्यात. लहाना. तोही असाच गेला."

मुलीनं माझ्याकडं जरा चमकून पाहिलं, मग सांगितलं. त्या बाईनं पेला खाली ठेवला आणि उभी राहिली. वय विचारलं. चोविसावं लागलं होतं, मी म्हणाले. तिनं मान हलवली. मग तिनं विचारलं, "तुम्ही त्याला भेटायला कुठं जाता?"

मुलगी मराठीत सांगून थांबली. दोघी माझ्याकडं पाहू लागल्या.

"सांग, आमच्यात जाळतात," मी म्हणाले.

ते तिला ठाऊक होतं. हो, पण तरी कुठं जाता? तिनं पुन्हा विचारलं. त्यात टोचणी नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"कुठंच नाही," मी म्हणाले.

मुलीनं तिला काही तरी सांगितलं. बाईनं माझा हात दोन्ही हातांत घेतला, दाबला आणि सोडला. आम्ही वर आलो तेव्हा बाळ झोपलं होतं.

घरी परतताना गाडीत मी मुलीला विचारलं, "तू तिले काय सांगतलं?"

"म्हटलं, आम्ही गावाला जातो त्याला भेटायला." मग ती म्हणाली, "आई, मामाबद्दल तू कधी बोलतच नाहीस."

खरं होतं. तो गेला तेव्हा ती शाळेत जाणारी होती. तिला गर्दी आठवत होती आणि ट्रक आठवत होता. त्या रात्री बाळाला मांडीवर थोपटत मी तिला जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं.

माझं माहेर आसेगावचं. आम्ही तिघं भावंडं. थोरला भाऊ शेतीत, मधली मी, आणि माझ्यानंतर पुष्कळ वर्षांनी झालेला हा. मी लग्न होऊन रिसोडला आले तेव्हा तो चौथीत होता. सुट्टीत आमच्याकडं यायचा आणि दुकानातला पाइपचा तुकडा दुर्बिणीसारखा डोळ्याला लावून रस्त्यावरची माणसं पाहत बसायचा. बारावीनंतर भरतीला गेला, पहिल्याच खेपेला लागला. बाबांची छाती फुगली. माय मात्र त्या दिवशी जेवली नाही. सुट्टीवर आला की तो मायच्या मागं मागं फिरायचा. चुलीपुढं बसून भाकरी तव्यावरून थेट ताटात घ्यायचा आणि म्हणायचा, "माय, तिकडं सगळं भेटते, पण हे नाही भेटत."

काश्मीरच्या बाजूला तो मारला गेला. सरपंचाच्या घरी फोन आला. तिसऱ्या दिवशी लष्कराचा ट्रक आला, त्यावर फुलं, तिरंगा. वाशीमहून, मंगरूळपीरहून माणसं आली होती. शाळेच्या छपरावर पोरं चढली होती. पेटी अंगणात ठेवली. उघडायची नाही, असं बरोबर आलेल्या साहेबानं बाबांना बाजूला घेऊन सांगितलं. मायनं पेटीवर हात ठेवला आणि तो काढेचना. शेवटी मी आणि वहिनीनं तो सोडवला.

गर्दी गावाच्या स्मशानात मावणार नाही म्हणून त्याच्या पलीकडं, नाल्याकाठच्या मोकळ्या जागेत चिता रचली होती. पुरुष सगळे तिकडं गेले. आम्ही बायका घरात. थोड्या वेळानं बंदुकीचे बार ऐकू आले. मानवंदनेचे असतात ते. माय माझ्या कुशीत होती. प्रत्येक बाराला तिचं अंग आवळून यायचं. मुलाला निरोप देताना तिच्या वाट्याला एवढंच आलं, भिंतीपलीकडून ऐकलेला आवाज.

पुढं राख नांदेडला गोदावरीत सोडली, आमच्याकडं तिलाच गंगा म्हणतात. शाळेच्या फाटकावर त्याच्या नावाची पाटी लागली. दर स्वातंत्र्यदिनाला मायला मांडवात खुर्ची द्यायचे, नारळ आणि लुगडं द्यायचे. ती ते मांडीवर घेऊन बसायची. पण त्या पहिल्या वर्षी ती घरात बाबांना सारखी म्हणायची, "त्याले जिथं जाळलं ते मले एकडाव दाखवा."

"बाया जात नसतात तिथं," बाबा म्हणायचे. "अन् पाहाले आहे काय? राख गंगेले गेली."

"मले माती पाहाची आहे."

बाबा उठून जायचे. थोरला भाऊ खाली बघायचा.

आमच्या वावरात निंदायला येणारी बौद्ध वस्तीतली एक बाई मायची जिवाभावाची होती. दोघी वर्षानुवर्षं एकाच ओळीत खुरपं धरून पुढं सरकलेल्या. मायनं तिच्यापुढं मन मोकळं केलं. ती म्हणाली, "आमच्यात जातात बाया. माहा नवरा गेला तं मी गेल्ती न त्याच्यासंगं. चाल, दोघी जाऊ. कोण धरते आपल्याले?" पहिल्याच वर्षाच्या पोळ्याचे दिवस होते. मी माहेरी आले होते. दुपारी दोघी चाऱ्याला चालल्यासारख्या विळे आणि चारा बांधायचं फडकं घेऊन निघाल्या. मायनं जाताना मला काही सांगितलं नाही, पण तिनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं, त्यावरून मला कळलं.

अर्ध्या वाटेवर बाबा समोरून आले. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. मी पाहिलं ते एवढंच की बाबा पुढं चालत आले आणि माय मागून. विळा तिच्या हातातच होता. ती मैत्रीण परस्पर तिच्या घरी गेली, आणि त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या दारी आली नाही.

मी बाबांशी भांडले. "काय बिघडलं असतं, बाबा? जाऊ द्याचं होतं न तिले."

"तुले समजत नाही. गप राह्य."

मी गप राहिले नाही, पण त्याचा उपयोगही झाला नाही. नंतर कितीतरी वर्षं मी बाबांशी कामापुरतंच बोलायचे. मायनं मात्र तो विषय पुन्हा काढला नाही. दुपारचं काम उरकलं की ती मागच्या दारात डाळ निवडत बसायची. तिथून नाल्याकाठची करंजाची झाडं दिसायची. साखरेच्या आजारानं तिचे डोळे गेले, तरी बसायची तिथंच. आणि अखेर ती नाल्याकडं गेली, पण चौघांच्या खांद्यावर. आम्ही दारात उभ्या राहिलो.

मुलीनं झोपलेलं बाळ माझ्या मांडीवरून उचलून पाळण्यात ठेवलं. मग म्हणाली, "आजोबांना विचारलंस कधी, का नाही नेलं म्हणून?"

"इचारलं होतं. सांगतलं न, गप राह्य म्हणाले."

"नंतर?"

नंतर विचारलं नव्हतं.

दिवाळी होऊन गेल्यावर मी परत आले. रिसोडात दोन दिवस राहून एसटीनं वाशीम गाठलं आणि तिथून आसेगाव. बाबा आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना लांबचं बरं दिसतं, जवळचं कमी. ओट्यावर बाज टाकून बसले होते. मी पाया पडले. त्यांनी पतवंडाची चौकशी केली, जावयाची केली, विमानात जेवण देतात का ते विचारलं. मग म्हणाले, "बाई, तू त्या कपाशीत काहून उभी होती?"

मला कळेना. त्यांनी वहिनीला हाक मारून मोबाईल मागवला. ग्रुपवरचा तोच फोटो होता. हिरव्या जमिनीवर फुटलेल्या कापसासारखे पांढरे ठिपके, ओळीच्या ओळी, आणि पुढं मी.

"कपाशी नाही बाबा. दगड आहेत ते. त्यांच्या सैन्यातले लोक पुरले तिथं. एकेकाचा एकेक दगड."

त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला, मग हात लांब करून पाहिला.

"एवढे?"

"याच्याहून लय. हा तं एक कोपरा आहे."

त्यांनी एका रांगेवरून बोट फिरवलं. "अन् तू हासून राह्यली," ते म्हणाले. रागानं नाही, दिसलं ते सांगितल्यासारखं. तो फोटो मी शंभरदा पाहिला असेल, रिसोडात शेजारणींना दाखवला असेल. माझ्या भावाच्या बापाच्या हातात तो कसा दिसेल, हे मनातही आलं नव्हतं.

वहिनीनं चहा आणून ठेवला. बाबांनी विचारलं, "बायाही जातात तिथं?"

"मले तं बायाच जास्त दिसल्या."

मग मी त्यांना त्या बाईबद्दल सांगितलं. ती कशी बसली होती, कशी बोलत होती, पान कसं उचललं, सगळं. दर रविवारी येते, हे सांगितलं. मला काय विचारलं ते मात्र सांगितलं नाही. बाबा ऐकत होते. चहावर साय धरली, ती त्यांनी पाहिली पण कप उचलला नाही.

"तुह्या मायनं मले तेवढंच मागतलं होतं," ते म्हणाले.

"मले वाटलं तुमाले याद नसन."

"याद कशी नाही." ते थांबले. त्यांचं बोलणं आता असं तुटत तुटत येतं. "पह्यले पह्यले मी नाही म्हटलं ते रीत म्हणून. माह्या मायनं नाही पाह्यलं, आजीनं नाही पाह्यलं. लोक काय म्हणतीन, हेही होतंच. पण मंग मलेच वाटे, न्यावं. मी रोज सकाळी जाऊन तिथं दगड रचले होते. मातीचा चबुतरा केला होता हातभर. म्हटलं, हा पुरा झाला का तिले आणीन, मंग कोणी काही म्हणो."

हे मला ठाऊक नव्हतं. घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"अन् मंग?"

"पोळ्याच्या आंधी नाल्याले पूर आला, तुले आठवत असन. पाणी उतरल्यावर मी पाहाले गेलो. चबुतरा तं चबुतरा, काठच नोहता. अर्धी जागा तुटून नाल्यात गेल्ती. मी तिथून येऊन राह्यलो होतो, अन् ह्या दोघी समोरून. तुह्या मायनं नवं लुगडं नेसलं होतं."

"नवं नाही, धुतलेलं," मी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे.

"मले सांगताच नाही आलं तिले. म्हटलं, घरी चाल. तिले तिथं नेऊन काय दाखवू मी? पाणी?"

"बाबा, तिले पाणीही चाललं असतं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "ते आता समजते न," ते म्हणाले.

मी त्यांच्यावर किती वर्षं राग धरून बसले होते, आणि ते त्या दिवशी तिथूनच येत होते. माय गेली तोपर्यंत दोघं एका छपराखाली राहिले, रोज एकमेकांसमोर जेवले, आणि एवढं एक वाक्य बाबांच्या तोंडून निघालं नाही. तिनं विचारणं सोडलं आणि यांना वाटलं, विसरली. ती विसरली नव्हती हे मला ठाऊक होतं. मी बाबांशी बोलत असते तर कदाचित मी ते त्यांना सांगितलं असतं. असं आता मागं वळून खूप काही म्हणता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा काठी घेऊन अंगणात उभे राहिले. "चाल," मला म्हणाले.

थोरला भाऊ गोठ्यातून बाहेर आला. "बाबा, बाईले कुठी नेता?"

"नाल्यावर."

"लोक पाह्यतीन न."

"पाहू दे."

भाऊ परत गोठ्यात गेला. आम्ही निघालो. बाबांच्या चालीनं चालायचं म्हणजे दर थोड्या अंतरावर थांबायचं. तूर पिवळ्या फुलांवर आली होती. सोयाबीन निघालेली वावरं हरभऱ्यासाठी तयार करून ठेवली होती. कापूस वेचणाऱ्या बायांनी आम्हाला पाहिलं, त्यातल्या एकीनं विचारलं, "कोठी चालले आबा?" बाबांनी नुसती काठी पुढं केली.

गावाच्या स्मशानात आता टिनाचं शेड आहे, खाली सिमेंट आहे, बाजूला हातपंप आहे. शेडपाशी बाबा थांबले. "तुह्या मायले इथं," ते म्हणाले. मी त्या सिमेंटकडं पाहिलं. कुणाच्या तरी लाकडाचे काळे डाग होते. शेजारी शेळ्या चरत होत्या. मी वाकून सिमेंटला हात लावला. ते थंड होतं. आणखी काय करायचं ते मला माहीत नव्हतं. कुणी कधी शिकवलंच नव्हतं.

पुढं नाल्याकडं उतार आहे. बाबा काठीनं काटे बाजूला सारत गेले. एका जागी उभे राहिले, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं.

"हे करंज," ते म्हणाले. मग म्हणाले, "नाही. ते करंज पलीकडे होतं. त्याच्यापून इकडं. का हेच आहे?"

नाल्यात पाणी थोडंच होतं. काठ एका बाजूनं खणलेला दिसत होता, कुणी तरी मुरूम नेला असावा. बाबा दहा पावलं पुढं गेले, परत मागं आले. काठीनं जमिनीवर एक खूण केली आणि पायानं ती पुसली. दुसरीकडं उभे राहिले. एवढी वर्षं जी जागा त्यांनी मनात धरून ठेवली होती ती त्यांना सापडेना.

"बाबा, बसा."

"थांब. मी रोज येत होतो इथं. मले मालूम आहे."

"इथंच कुठी तरी असन. बसा तुमी."

"इथंच कुठी तरी कसं असन?" ते म्हणाले. पण बसले. मी त्यांच्या शेजारी मातीत बसले. ऊन चढत होतं. मला वाटलं होतं की इथं आले की मी भावाशी काही तरी बोलेन. त्या बाईसारखं, साधं. तुझ्या भाचीला मुलगा झालाय, डोळे तुझ्यासारखे आहेत, असं काही. पण कुठं तोंड करून बोलायचं तेच कळेना. नाल्याकडं बोलू की बाबांनी पुसलेल्या त्या खुणेकडं. मी नुसती बसून राहिले.

तेवढ्यात शेळ्या हाकत एक माणूस आला. चाळिशीचा असेल, गावात नवा असावा. शेडपलीकडं एक म्हातारा आणि एक बाई मातीत बसलेली पाहून तो थबकला.

"कोण गेलं बुवा?" त्यानं हळू विचारलं.

"पोरगं माहं," बाबा म्हणाले.

"कव्हा?"

"झाले लय दिवस."

त्या माणसाला काय समजलं कोण जाणे. त्यानं डोक्याचा दुपट्टा काढला, शेळ्यांना थांबवलं आणि आमच्यापासून थोडं लांब उकिडवा बसला, जसं माणसं मौतीला गेल्यावर बसतात तसा. थोडा वेळ बसून उठला, बाबांना हात जोडले आणि निघून गेला.

आम्हीही उठलो. चढावर बाबांना हात द्यावा लागला. शेडपाशी त्यांनी पुन्हा दम घेतला. मागं गावाची घरं दिसत होती, आमचं मागचं दारही दिसत होतं. एवढंसंच अंतर होतं. तिकडं पाहत ते म्हणाले, "तुही माय लय झपाझप चालायची. चुलीवर वरण चढवून निघाली असती तं ते शिजाच्या आत जाऊन आली असती."

मी त्यांची काठी धरली आणि आम्ही घराकडं चालू लागलो.